उभ्या गाडीतला प्रवास

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (सात अंगं टेकली आहेत. आठवं अंग म्हणजे उजवा गुडघा, तो इथल्या सकाळच्या कवायतीने संपावर गेला आहे. तेवढी सूट द्यावी.) तुमचा खोकला कसा आहे? पायांवरची सूज उतरली का? की अजून चपला बदलून पाहणं चालू आहे? माझं म्हणाल तर प्रकृती इतकी सुधारली आहे की आरशातल्या माणसाला मी परवा 'सरका जरा' म्हणालो. सकाळी उठल्यावर पोटात काहीतरी कुरतडतं, म्हणून घाबरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, याला भूक म्हणतात.

मी या व्यसनमुक्ती केंद्रात कसा आलो याच्या निरनिराळ्या कथा नातेवाइकांत पसरल्या असतील, तेव्हा मूळ प्रत तुमच्याकडे असावी. दुकानात सुईत दोरा जाईना. मी सुईला बोललो, दोऱ्याला बोललो, शेवटी गिऱ्हाइकालाही बोललो. ताईचे यजमान तिथेच बसले होते. ते म्हणाले, चला, डोळे तपासून घेऊ. मला पटलं. (हात थरथरतोय ही शंका दोघांनाही आली नाही. म्हणजे मला आली नाही. भावोजींना आली होती, हे केंद्राच्या फाटकावरची पाटी वाचल्यावर कळलं. पाटी मी बरीच लांबून वाचली, त्यामुळे डोळे ठणठणीत आहेत हेही तिथल्या तिथे सिद्ध झालं.) आल्या आल्या पिशवी तपासली आणि दाढीनंतर लावायचं पाणी काढून घेतलं. मी भडकलो, म्हटलं, हे काय मी पिणार आहे का? शेजारच्या पलंगावरचा गृहस्थ पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मीही हेच म्हणालो होतो."

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, ते लिहीत नाही. घाम, उलट्या, आणि भिंतीवर मुंग्यांची रांग, जी माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती. नर्सबाई मात्र देवमाणूस. त्यांनी मुंग्या नाहीत असं एकदाही म्हटलं नाही. नुसत्या माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि स्वेटर विणत राहिल्या. (बाही चुकत होती. अंगात ताप असूनही मला ते बघवेना.)

मग बैठका सुरू झाल्या. सगळ्यांनी गोल बसायचं आणि ज्याने त्याने आपलं सांगायचं. समुपदेशक बाई मधे अजिबात बोलत नाहीत, त्यामुळे माणूस नको तेवढं बोलून जातो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी मनात आणलं तर केव्हाही सोडू शकतो." गोलातले सगळेच माना डोलवायला लागले. ज्याला त्याला हे वाक्य तोंडपाठ! मामा, हे वाक्य तुमच्याकडून माझ्याकडे आलं, म्हणून मी ते खास आपल्या मापाचं शिवलेलं समजत होतो. ते रेडिमेड निघालं.

पुढच्या बैठकीत मला वाटलं, वातावरण फार सुतकी आहे, जरा हसवावं. म्हणून मी तुमच्या प्रवासाची गोष्ट सांगितली. आपली नेहमीची, लग्नाकार्यात फर्माईश होते ती. तुम्ही भर दुपारी टाकून आलात, घरासमोर उभ्या असलेल्या शेजारच्या दंतवैद्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलात, आणि गाडी जागची हलत नसताना तासभर ड्रायव्हरला फैलावर घेत होतात. डावीकडे घे, वेग कमी कर, पुढे शाळा आहे. (बस डेपोत हयात घालवलेला वाहतूक नियंत्रक, सवय जाते कुठे?) मग आपल्याच दारात उतरून म्हणालात, "प्रवास दगदगीचा झाला, पण माणूस सभ्य होता." रिकाम्या सीटला दिलेल्या त्या प्रशस्तिपत्रकावर आजवर कोण हसलं नाही? मी तुमच्या आवाजात, हातवारे करून, उठून उभा राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "त्या वेळी तुमच्या मामी कुठे होत्या?"

इतक्या वेळा गोष्ट सांगितली, पण त्या गोष्टीत मामी कधी नव्हतीच.

म्हणून रविवारी मामी भेटायला आली तेव्हा विचारलं. (ती मला भेटायला येते हे तुम्हाला माहीत नसेल, तर आता झालं.) ती बाकावर बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, "कुठे म्हणजे? पुढच्या सीटवर. स्टिअरिंग धरून." तुम्ही गाडीतून उतरून वाहत्या रस्त्यावर जाऊ नये म्हणून ती पुढे जाऊन बसली होती. डावीकडे घे म्हटलं की 'हो साहेब', वेग कमी कर म्हटलं की 'बरं साहेब'. दंतवैद्य खिडकीशी आले, त्यांना तिने हात जोडले. मी म्हटलं, मग इतकी वर्षं आम्ही हसत होतो तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही सगळे इतके खूश असायचात." आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.



बाकी विशेष नाही. केंद्राचे पडदे शिवायचं काम मी मागून घेतलं आहे. दोरा तिसऱ्या प्रयत्नात ओवला जातो, कधी चौथ्या. हेडमास्तर शेजारी बसून उसवलेले टाके मोजतात आणि मला गुण देतात. (नापास.) संध्याकाळ अजून कठीण जाते, पण जाते. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भावोजींना म्हणावं, चष्म्याचा नंबर लागला नाही.

तुमचा भाचा

ता. क. खिडकीजवळचा पलंग कालपासून रिकामा आहे. वारा छान येतो. मी त्यावर माझा टॉवेल टाकून ठेवला आहे आणि कुणी विचारलं तर 'आमच्या घरचं माणूस यायचं आहे' म्हणून सांगतो. बळजबरी नाही. पण माझ्याकडे टॉवेल एकच आहे, त्यामुळे आंघोळीनंतर फार पंचाईत होते.

ता. क. दुसरा. आता हे मामीच्या कानावर कसं घालावं, या विवंचनेत पडू नका. तिने तुमची बॅग केव्हाच भरून कपाटामागे ठेवली आहे. काढाल तेव्हा चकित झाल्यासारखं करा. चष्मा तेवढा भरता आला नाही, कारण तो तुमच्या नाकावर होता.