ओसरीवरची बाटली

चांदा, १२ जानेवारी १९५८

तेलाची बाटली सकाळी चुलीजवळ सापडली. रात्री मी ती ओसरीवर ठेवली होती, मुद्दाम, उघड्या थंडीत. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल द्रावकात विरघळवून बर्फ-मिठात गार केलं, गोठलेला पांढरा भाग गाळून काढला, मग द्रावक वाफ करून उडवून टाकलं. उरलेलं तेल हिवाळ्यात पातळ राहतं का, एवढंच पाहायचं होतं. उद्या प्रयोगाला पैसे पुरवणारे शेठ येणार. गोठलेलं दिसलं तर प्रयोग बंद.

हिला विचारलं, बाटली कशाला उचललीस?

"अवो, थंडीत तेल चुलीजवळच ठेवतेत ना! गोठन म्हणून पहाटे आणली."

रागावणार होतो. पण आधी विचारलं, उचललीस तेव्हा गोठलं होतं का?

"नाई. पाण्यावानी हालत होतं. मले वाटलं, रॉकेल भरून ठेवलं का काय तुमी!"

दिवसभर ते रॉकेल आठवून हसतो आहे. तिच्या शब्दावर विसंबावं का? मी विसंबलो. शेठला मात्र डोळ्यांनी दिसायला हवं.

बाटली पुन्हा ओसरीवर. आत्ताच ही आत येऊन म्हणाली, "आज आंगणात शेकोटी नाई पेटवत. तुमच्या बाटलीले ऊब लागन."

दोघंही कुडकुडत बसलो आहोत.