टाकीवरची सोनेरी रेघ

सौभाग्यवतीस लांबूनच आशीर्वाद. आधीच सांगतो, घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहे.

मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? गॅस बंद केला का, ते दोनदा बघत जा.

कारखान्यात मोठी गंमत झाली. इथल्या महागड्या मोटारसायकलींच्या टाकीवर मी हाताने सोनेरी रेघ ओढतो, ते तुला ठाऊकच आहे. परवा एका गिऱ्हाइकाने गाडी घ्यायचेच नाकारले. रेघेवर नख घासत म्हणाला, "ही तर चिकटपट्टी! इतकी सरळ रेघ माणूस ओढतो होय?" मला वाटले, आता गाशा गुंडाळायचा.

साहेब म्हणाले, "आजोबा, थोडे चुकत जा की!"

मी म्हटले, "चाळीस वर्षे पाट्या रंगवल्या साहेब, चुकायची सवय नाही."

ते हसतच सुटले. ब्रश उचलताना रेघेला बारीक शेपूट फुटते, ते मी फडक्याने पुसत असे. हातकामाची खूण म्हणून ते आता ठेवायचे ठरले. त्याच गिऱ्हाइकासमोर नवी टाकी रंगवली. शेपूट बघून तो इतका खूश झाला की ओल्या रंगालाच बोट लावायला निघाला. मी ओरडलोच! साहेबांनी मला आणखी वर्षभर ठेवून घेतले आहे.

एक गोष्ट लेकाला कळू देऊ नकोस. महिनाभरापासून माझा हात जरा थरथरतो, रेघ ओढताना कसाबसा आवरतो. पण आता तेवढी धास्ती नाही. काल रेघ किंचित हलली, तर साहेब म्हणाले, "वा आजोबा, जमायला लागले!"

गुडघा शेकत जा.

तुझा म्हातारा