दिल्लीचा परिसंवाद होईपर्यंत

रेवदंडा,
ता. २८ ऑगस्ट १९६४

चि. हरेश्वर यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. पाऊस उघडलाय, गणपती तोंडावर आलेत, आणि शेजारच्या कृष्णाबाईच्या सुनेला मुलगी झाली. बाबांची तब्येत बरी आहे. घरी कमीच असतात.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीनंतर दिल्लीच्या महोत्सवातल्या परिसंवादाला तुला बोलावलंय, हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. विषयही मी दोनदा वाचला: ‘स्वतःच्या बळावर चित्रपट काढणाऱ्यांपुढील प्रश्न’. त्यातला पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, पण तो तिथे कोणी विचारणार नाही. तुझा सिनेमा पुरा कधी होणार?

रागावू नकोस. तू लिहितोस, “ताई, ज्याच्यामागे स्टुडिओ नाही त्याला चार जाणत्यांत बसावंच लागतं. नाहीतर असा कोणी आहे हे लोकांना कळणार कसं?” मी ते खोडून काढत नाही. पहिल्याच परिसंवादात तुला दिनानाथ भेटले आणि त्यांनी स्वतःचा कॅमेरा महिनाभर तुझ्या हाती दिला. तो नसता तर हा अर्धा सिनेमाही झाला नसता. पण त्यानंतर काय? पुण्याला झाला, दादरला झाला, परत पुण्याला झाला. दर वेळी तू लिहितोस, चर्चा फार चांगली झाली. पुढच्या चित्रणाला फिल्म मात्र कुणी देत नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात; आणि तू काही पानावरून उठत नाहीस.

आता होडीबद्दल. मे महिन्यात तू तिचं चित्रण केलंस तेव्हा हंगामभर खारं पाणी खाऊन तिच्या रंगाचे पोपडे निघाले होते. ते तुझ्या मनात भरले. जाताना बजावून गेलास, “उरलेलं काम होईपर्यंत हिला रंग लावू नका. तेलसुद्धा नको. आधीच्या चित्रांशी जुळणार नाही.” बाबा म्हणाले, “व्हय रे, नारली पुनवेला अजून लय दिस हायेत.” तेव्हा आम्हाला वाटलं, पंधरा दिवसांची गोष्ट.

मग तू आम्हाला दादरला बोलावलंस. भर पावसात, लाँच बंद, म्हणून एस.टी.ने हाडं खिळखिळी करत आलो. तुझी दोन रिळं दाखवली. आपली होडी, आपली खाडी, बाबांचे हात भिंतीएवढे मोठे दिसले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. मग परिसंवाद सुरू झाला आणि एक चष्मेवाले गृहस्थ उठून म्हणाले, “या पोपड्यांत कोकणच्या दारिद्र्याचं काव्य आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला कोपराने ढोसून विचारलं, “काव्य म्हंजे चांगलाच ना गो?” मी म्हटलं, चांगलंच. तेही मग टाळ्या वाजवू लागले.

तिथेच घात झाला. गावात आल्यापासून बाबा येईल त्याला होडीपाशी नेऊन पोपडे दाखवतात. मी रंगाचं नाव काढलं की म्हणतात, “येवरी मोठी मानसा याला काव्य बोलली, आनि आपुन पुसून टाकाचा?”

नारळी पौर्णिमा झाली. सगळ्या होड्या रंगून, झेंडे लावून पाण्यात गेल्या. आपली नारळाच्या झापांखाली किनाऱ्यावर कोरडी उभी राहिली. खलाशी तरी किती थांबणार? दादू आणि रावजी दुसऱ्यांच्या होड्यांवर गेले.

आणि आता लिहूनच टाकते. बाबाही गेले. तुळशीरामच्या होडीवर, खलाशी म्हणून. उभा जन्म ज्याने स्वतःच्या होडीचं सुकाणू धरलं, तो आता तुळशीराम सांगेल तेव्हा जाळं ओढतो. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. मी दुसऱ्यांची मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसते. बायका हसतात, “केसर, तुमची होरी सिनेमात गेली, आता पान्यात कशाला जाईल?” मी पण हसते. घरी आले की भांडी आपटते.

ऊन पडलं की होडीचं लाकूड तडकतं. फळ्यांच्या सांधी इतक्या उघडल्या की पलीकडची वाळू दिसायला लागली. उरलेलं चित्रण आता दिल्लीनंतरच, असं तू लिहिलंस; तोपर्यंत अशीच ठेवली असती तर ती फक्त तुझ्या रिळातच तरंगली असती. तू दिल्लीला, होडी इथे, बाबा तिला बांधलेले आणि मी बाबांना. जीव गुदमरला माझा, हरेश्वर.

तुळशीरामची होडी मासळी घालायला मुंबईला गेली, बाबा दोन दिवस घरी नव्हते. मी दादू-रावजींना हाक मारली. दोघे एका शब्दावर आले. जुने पोपडे खरवडून काढले, सांधीत कापूस ठोकला, वर राळ आणि तेल. काल सकाळपासून मी स्वतः निळा रंग लावला. तुझा सिनेमा मी मोडते आहे, हे मला कळत होतं. हात थांबला नाही. आणि खरं सांगू? कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी बाबा आले. वाटलं ओरडतील, नाहीतर हसतील. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, बोट लावून पाहिलं, बोट निळं झालं. मग हळूच म्हणाले, “केसर, आता दिल्लीत पोराला काय बोलतील? ही होरी ती न्हाय, खोटी हाय, म्हनतील.”

मी म्हटलं, “बाबा, होडी पाण्यात घाला. सिनेमाचं तो बघेल.”

“त्याचा कोन बघनार?” एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.

आज तुळशीराम हाक मारून एकटाच गेला. पहाटेपासून बाबा पत्र्याचा तुकडा घेऊन माझा रंग खरवडताहेत. मी हे लिहिते आहे आणि तो आवाज घरात येतो आहे. रंगाखाली जुने पोपडे उरलेच नाहीत, नुसतं कोरं लाकूड निघतंय. हात धरून दाखवलं. म्हणाले, “येतील परत. जरा ऊन खाऊ दे तिला.”

त्यांच्या बोटांतून रक्त येतंय. माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. आजवर कुठल्याही सभेत तुझा शब्द इतका कोणी मानला नसेल.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. मिळेल त्या एस.टी.ने ये आणि त्यांना पुरे म्हण.

तुझी वाट बघत दारात उभी,
केसरताई