४.८ आणि धाकटीचा फोन

४ मार्च
आजपासून धाकट्या बहिणीशी बोलणं बंद. आईचं शिवणयंत्र तिने मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, त्याबद्दल शांतपणे बोलत होते. ऐन वाक्यात तिने फोन ठेवला. आठवड्यात तिसऱ्यांदा. वर मेसेज, की तुझ्याकडचं नेटवर्कच वाईट. हे मला सांगते! चौदा वर्षं या शहराचं नेटवर्क मोजतेय मी. कंपनीला लहरींचा जेवढा पट्टा दिलाय, त्याने सेकंदाला जाणाऱ्या माहितीला भागायचं, तो भागाकार म्हणजे माझा आकडा. दोनच्या वर गेला तरी लोक पाठ थोपटून घेतात. आमची सरासरी ४.८. तेव्हा फोन तुटत नसतो. ठेवला जातो.

५ मार्च, सकाळी
निश्चय : चौदा वर्षांचा तक्ता तिला पाठवायचा. खाली एकच ओळ : मी रागावलेली नाही.

६ मार्च
तक्ता पाठवला नाही. रागावलेली आहे. शाळेत जाताना रोज तिची रिबन मी बांधायचे. आणि शाळेतल्या सिस्टरांकडे माझ्या चहाड्या कोण करायचं? हीच.

९ मार्च
ऑफिसात नवी चष्मेवाली इंजिनिअर आलीय. माझे नकाशे बघून विचारते, मॅडम, मोजणीच्या सगळ्या जागा टॉवरच्या पायथ्याशीच कशा? तिथे आकडा फुगणारच. म्हटलं, बाळ, मापात माझा हात नको म्हणून गाडी कुठे थांबवायची ते मी ड्रायव्हरदादांवर सोडते. याला निःपक्षपातीपणा म्हणतात. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. पटलं असावं.

१० मार्च
दादांना सहज विचारलं. स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, बाई, आकडा चांगला आला की तुम्ही दिवसभर गाणी गुणगुणता. वाईट आला की माझे ब्रेक, माझे आरसे, माझा शर्ट, सगळ्यात खोट काढता. पहिल्याच वर्षी शिकलो.
चौदा वर्षं! अस्तनीतला निखारा. यांच्या मुलीला भागाकार मी शिकवला.

११ मार्च
दोघांची तोंडं बंद करायला माझ्याच दारात मोजायला लावलं. ०.३. यंत्र बिघडलंय. दुसरं मागवलं. तेही बिघडलंय. चष्मेवालीने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले, तेच जास्त लागलं.

१२ मार्च, दुपारी
दादांनी न विचारता गाडी टॉवरखाली नेली. म्हणाले, इथून लावा बहिणीला. लावला.  धाकटी म्हणाली, ताई, किती दिवसांनी तुझं अख्खं वाक्य ऐकलं गं. मला भरून आलं. माफी मागितली, आयुष्यात दुसऱ्यांदा. तीही रडली. मग म्हणाली, खरं सांगू? पहिल्या दोन वेळा फोन तुटलाच होता. तिसऱ्यांदा मात्र मीच ठेवला. तुझं शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं होतं.
आवाज अगदी स्वच्छ होता. एक शब्दही तुटला नाही.