टोपी तोंडावर असली की

९ जानेवारी
दादाच्या हातून आज काच फुटली. घासून तयार, चष्म्यात बसवायची तेवढी राहिली होती. त्याच्या हातून! आमच्या दुकानात फोडाफोडीचं खातं माझ्याकडे असतं. म्हणाला, उजव्या हाताला मुंग्या येतात. "सरावाने होतं तसं. हिला सांगू नकोस." वहिनींना मी काही बोललो नाही. शर्यत रविवारवर आली आहे.

१० जानेवारी
बारा तास. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तळ्याभोवतीच्या त्याच त्या रस्त्यावर गोल गोल. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला. थकलं की वाटेत कुठेही आडवं व्हायचं, घड्याळ मात्र चालू. बायको म्हणते, घाण्याच्या बैलाला निदान कुणीतरी जुंपलेलं असतं.
दरवर्षी दादाच पुढे. एक फेरी जास्त मारून मागून येतो, पाठीत धपका घालतो, "चल रे शेपटा" म्हणतो आणि निघून जातो. चाळिशी उलटली माझी. अजून शेपूटच.
आमचा दोघांचा एक नियम आहे — टोपी तोंडावर ओढून झोपला असेल त्याला उठवायचं नाही. एकदा मी काळजीपोटी हलवलं, तर त्याने सगळ्यांदेखत माझी शोभा केली. नियम तेव्हापासूनचा.

११ जानेवारी
नव्या बुटाची नाडी त्याला बांधता येईना. दोनदा सुटली. मी हसलो. तो हसला नाही.
यंदा तो हरणार, असं मनात आलं. आणि बरं वाटलं. इथे कोण वाचतंय!

१३ जानेवारी
दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.
काल दुपारपर्यंत दादाचे धपके येत होते. मग थांबले. मला वाटलं, मीच सुटलोय! काय छाती फुगली माझी. पुढे पंपघराच्या वळणावर तो दिसला. झाडाखाली आडवा. टोपी तोंडावर.
मी चवड्यांवर गेलो. बुटांचा आवाज होऊ दिला नाही. जागा झाला असता तर पुन्हा पुढे गेला असता ना!
पुढच्या फेरीला तसाच. मीही तसाच, चवड्यांवर. तिसऱ्यांदा तर श्वासही रोखून धरला. हसू आवरत नव्हतं. त्याच्या एका पायातला बूट अर्धा निघालाय हे मला दिसलं होतं. दिसलं होतं — आणि मी गेलो.
त्यानंतरच्या फेरीला एक शिक्षिका, त्याही धावणाऱ्याच, त्याच्यापाशी वाकल्या होत्या. त्यांनी टोपी उचलली. डोळे टक्क उघडे, टोपीच्या कडेखालून रस्ता दिसेल असे वळलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पडून होते? तुम्ही पाहिलंत का?"
"मला दिसलाच नाही," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आता परत कसं घेऊ?

१४ जानेवारी
उजवी बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं कदाचित.
वहिनी माझा हात धरून रडल्या. "भावोजी, तुम्ही उचलून आणलंत म्हणून हे दिसताहेत."

२ फेब्रुवारी
दुकान एकट्याने. जो येतो तो विचारतो, दादा कधी येणार? लवकरच, म्हणतो आणि काचा पुसत बसतो.

१९ फेब्रुवारी
दादाला बोलायला शिकवणारी मुलगी रोज घरी येते. "पाणी म्हणा, काका." तो ओठ हलवतो. आवाज फुटत नाही. घरचे सगळे त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेले.
त्याचे डोळे मात्र माझ्या पायांवर. मी खोलीत शिरल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत. पहिल्यांदा वाटलं, भास असेल. भास नाही. आता मी मुद्दाम पाय आपटत आत जातो.

२० फेब्रुवारी
तो बरा व्हावा. चालावा, बोलावा, दुकानात येऊन मला शिव्या द्याव्यात. खरंच वाटतं मला.
पण देवा, इतक्यात नको.

६ मार्च
दादा बोलला. मी दारातून आत आलो तेव्हा वहिनी त्याला चमच्याने पाणी पाजत होत्या. त्याने तोंड बाजूला केलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर ओढत म्हणाला, "चवड्यांवर गेलास. तीनदा."
वहिनी आनंदाने रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून मला विचारलं, "काय म्हणताहेत हो हे, भावोजी?"