जुन्या आवृत्तीवर तपासलं नाही

३ फेब्रुवारी, डिचोली

खोटं बोललो. अगदी खोटं नाही, अर्धं. ते जास्त वाईट!

देवस्थानच्या वेबसाइटवर भाविकांसाठी एक पान आहे. कुणीही शुभेच्छा लिहाव्यात, सोबत लिंक टाकावी. ऐन जत्रेच्या आठवड्यात तिथल्या एका लिंकवरून घाणेरडी चित्रं उघडली. शेजारच्या देवकीमावशी नातवंडांना जवळ घेऊन गेल्या वर्षीच्या पालखीचे फोटो बघायला बसल्या होत्या... शी!

कमिटीचे अध्यक्ष शिवदासबाब फोनवर तापलेले. "लिंका तपासता तो कोड कोणाचो?"

मी म्हटलं, "सिद्धीचा."

लिहिला तिनंच. पाळी गावची पोर, माझ्याच क्लासात शिकली, हे तिचं पहिलं काम. पण बिघडवला मी.

४ फेब्रुवारी

निदान इथे तरी खरं लिही, रुद्रेश!

तिचा नियम कडक होता. एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनं सुरू होणारी लिंकच आत. डिसेंबरात शिवदासबाबांची व्हॉट्सअ‍ॅप उघडणारी लिंक अडली. "अध्यक्षाचीच लिंक भायर?" मी भिडेखातर नियम उलटा केला: जावास्क्रिप्टनं सुरू होणारी, म्हणजे उघडताच परका कोड चालवणारी, तेवढी अडव, बाकी सगळं सोड.

माझ्या लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती. ‘जावास्क्रिप्ट’ या शब्दाच्या मधे कुणी टॅबची मोकळी जागा घुसवली तर ही आवृत्ती तो टॅब आधी काढते, मग तपासणी होते. लबाडी पकडली जाते. मी खूश. देवस्थानच्या सर्व्हरवर मात्र जुनी. तिथे टॅब तसाच राहिला, शब्द तुटका दिसला, लिंक सुटली. पुढे लोकांच्या ब्राउझरनं टॅब गाळला आणि जे चालायचं ते चाललं.

सर्व्हरवर एकदा तपासायला पाच मिनिटं लागली असती. पोरांना रोज ओरडतो, जिथे चालणार तिथेच तपासा! लोका सांगे ब्रह्मज्ञान...

कडक नियम परत लावला, दोन्ही आवृत्त्यांवर तपासला. कोड सुधारला. मी नाही.

६ फेब्रुवारी

कमिटीनं सिद्धीचं काम काढून घेतलं. कळवायला मलाच लावलं. "बरा, सर," म्हणाली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

९ फेब्रुवारी

पालखी. सिद्धीचे वडील गोकुळदासबाब वीस वर्षं देवावर अब्दागीर, ती मानाची छत्री, धरतात, घराण्याचा मान. आज ती पुतण्याच्या हातात! ते स्वतः दीपस्तंभापाशी उभे, मोकळे हात मागे बांधून. बाजूला कुणीतरी म्हणालं, "पोरीन देवाचा नाव घालवल्यान." मी ऐकलं. दोन हातांवर होतो. नमस्कार केला आणि घरी आलो. देवाला तरी कुठल्या तोंडानं केला कोण जाणे! लाज वाटते.

११ फेब्रुवारी

सकाळी कमिटीला लेखी दिलं: चूक माझी. तिथून थेट पाळीला, गोकुळदासबाबांच्या पाया पडलो.

"माका ठाऊक आसा, सर. कोड कोणी बदललो ता थंय नोंदीत नावासकट दिसता. सिद्धीन पयल्याच दिसा दाखवल्यान. म्हणाली, सर आज ना उद्या स्वता सांगतले, वाट बघया."

मग अब्दागीर का सोडली?

"धरली आसती तर लोकांनी इचारला आसता, पोरीची नाय, मगे चूक कोणाची? तुमचा नाव घेवचा लागला आसता."