डेक उघडा आहे

करावे,
शनिवार, १० मे २०२५

चि. कल्पेश यास,

ताईचे आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असतात म्हणून लिहिले, मनातून आज काही येत नाहीयेत. बाबा ठीक आहेत, वॉकर सोडून काठीवर आलेत. माझा मासळीचा धंदा ठीक. उलव्याला तुमची लिफ्ट चालू असेल, हवाही छान असेल.

हे पत्र लिहायची पाळी तू आणलीस. फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही नाही. तीन महिने झाले. मिताली दर रविवारी बाबांना बघायला येते, डबा आणते, आणि तुझं विचारलं की म्हणते, "त्यांना ड्युटी आहे." रविवारी कसली रे ड्युटी? तिला सोडून तू देवळाच्या कोपऱ्यावर बाइकवर बसून राहतोस. मला कळणार नाही असं वाटलं? मी मासळी विकते, डोळे विकले नाहीत. आणि मी नाही बघितलं तरी गाव आहेच सांगायला. "चंदे, तुझा भाऊस बसलाय तिथं." जन्मलास त्या गावात परक्यासारखा बसतोस, लाज नाही वाटत?

असो. होडीचं सांगते.

होडी बाहेर ओढून जेट्टीजवळ ठेवलीय. वर ताडपत्री बांधलीय. डेक मी दुरुस्त करतेय. हसू नकोस. पोपटकाकांनी आयुष्यभर फायबरच्या होड्या बांधल्या, पण आता त्यांचे हात थरथरतात. ते खुर्चीत बसून सांगतात, मी करते. बाबांचा पाय जिथून आत गेला त्या भोकाभोवती ग्राइंडरने चौकोन कापला. वरचा फायबर उचलला तर आतलं प्लाय चहात बुडालेल्या टोस्टसारखं हाताने निघालं. तीन बादल्या निघाल्या. वास असा की जेवण गेलं नाही. फायबरची खाज अजून हातावर आहे, कोळंबी साफ करायला बसलं की झोंबते. तिथे फ्लेमिंगोचे फोटो काढायला सोसायटीवाले येतात. त्यातली एक बाई मला विचारते, "बोट राइड कितने बजे है?" मी ग्राइंडर चालू केला.

तुझे चार स्क्रू आम्ही सगळ्यात आधी काढले. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीला स्पीकरचं स्टँड बसवायला मारलेस ते. मला तेच बघायचं होतं. काकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, "इथूनच पाणी गेलं, काका. माझ्या भावाचे उद्योग." कापताना माझ्या हातात काय जोर होता म्हणून सांगू. पुरावा काढायला बसले होते मी. तो काढून तुझ्या फोनवर फोटो पाठवायचा, असं ठरवलं होतं.

फोटो आला नाही, हे तुला माहीत आहे.

मध्येच सांगते, नवीन प्लाय आणलंय. कापून बसवून बघितलंय, बरोबर बसतं. जुन्या फायबरच्या कडा तिरक्या घासल्यात. काका म्हणतात, तसं केलं तरच नवा थर जुन्याला धरतो, नाहीतर वर्षात सुटतो. फायबरच्या मॅटचे तुकडे कापून ठेवलेत, लहान, मोठा, त्याहून मोठा. पावसाच्या आत सगळं बंद व्हायला हवं. एकदा पाणी गेलं की ही आठ दिवसांची सुकवणी पाण्यात.

आता लिहिते. किती वेळ टाळणार?

तुझी भोकं कोरडी होती. चारही. तू आत रेझिन भरून मग स्क्रू मारले होतेस. काकांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "पानी यांतना नाय गेला, चंदा. पोरानं काम चोख केलाय." मग हातोडीच्या दांड्याने ते पुढे पुढे ठोकत गेले. ठक्क आवाज यायला हवा तिथे थप्प येत होता. ठोकत ठोकत आईच्या पाटीपाशी थांबले. मला म्हणाले, "ही काढाय लागंल." मी म्हटलं, काका, चहा घ्या आधी.

चहा झाल्यावर पाटी मीच काढली. कुणाला हात लावू दिला नाही. 'सत्यभामा' लिहिलेली ती स्टीलची पाटी, आई गेल्यावर मी नेरूळला करून घेतली आणि स्वतः ड्रिल मागून आणून बसवली. चार भोकं. आत काही भरलं नाही. स्क्रू काढले तर काळं पाणी वर आलं. होडी खाडीत पुढून उचललेली असते, मग पाणी तिथून मागे मागे उतरत गेलं, चार वर्षं, बाबा जिथे उभे राहतात तिथपर्यंत.

तुला तो दिवस आठवत असेलच. तू स्क्रूड्रायव्हर घेऊन पाटीपाशी बसला होतास. म्हणालास, "ताई, पाच मिनिटं काढतो, सिलिकॉन भरतो, परत लावतो." मी काय म्हटलं तुला? "आईचं नाव उचकटायला निघालास?" सगळ्या जेट्टीला ऐकू गेलं. तू स्क्रूड्रायव्हर खिशात घातलास आणि परत कधी विषय काढला नाहीस.

आणि दवाखान्यात, अख्ख्या वॉर्डसमोर, मितालीच्या आईबापासमोर, मी तुला म्हटलं, "बापाचा पाय तू मोडलास." तू भिंतीकडे बघत होतास. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून गप्प आहे.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. पाय धरून सांगितलं. तर म्हातारा काय म्हणतो? "मना ठाव हाय. कल्प्या दवाखान्यानच बोलला. बोलला, ताईला सांगू नको, तिचा जीव त्या पाटीत हाय."

कल्पेश, इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. तू कोण रे मला सांभाळून घेणारा? तुला अंघोळ मी घातलीय, शाळेत मी सोडलंय. तीन महिने मी बाजारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी निंदा सांगितली, आणि तू कोपऱ्यावर बसून ऐकून घेत राहिलास? एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर. "ताई, भोकं तुझी आहेत" एवढंच म्हणायचं होतंस. मी भांडले असते, पाटी डोक्यात घातली असती, पण चार दिवसांत कळलं असतं ना. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "कल्प्या आला काय?" आणि मी रोज म्हणते, "कुठल्या तोंडाने येईल?" तोंड कुणाचं काळं होतं, ते त्यांना माहीत होतं. तरी गप्प बसायचे. तुम्ही दोघं बापलेक सारखे.

चुकलं माझं. लिहिलं बघ. पुन्हा वाचायचं नाही.

बाजारात मी उद्यापासून खरं सांगायला लागणार आहे, एकेकीला धरून. वॉर्डातली माणसं काही परत सापडायची नाहीत, पण मितालीच्या आईला आजच फोन केला. ती रडली. मी नाही रडले.

आता काम. काल मी एकटीने थर लावून बघितला. या उन्हात हार्डनर टाकला की पंधरा मिनिटांत रेझिन घट्ट होतं. एकाने कालवायचं, दुसऱ्याने मॅटवर फिरवायचं, असं दोन माणसांचं काम आहे ते. मी मॅट सारखी करेपर्यंत डब्यातच गठ्ठा झाला, धूर निघाला. काका म्हणाले, कारागीर बोलाव. कारागीर आहेत रे, हाक मारली तर दहा येतील. मला कारागीर नकोत.

उद्या मिताली येईल तेव्हा हे पत्र तिच्याबरोबर तुझ्याकडे पाठवते. देवळाच्या कोपऱ्यावर बसून वाच, आणि वाचून झालं की बाइकवरून उतर. जुने कपडे नसतील तर बाबांचा शर्ट देते. डेक उघडा आहे, मी तिथेच असेन. थर सुकला की पाटी परत लावायची आहे. भोकं या वेळी तू मार, आत काय भरायचं ते तूच भर. मी पाटी धरून उभी राहीन आणि काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण पाटी सोडणार नाही.

राग गेलेला नाही. तो इथे येऊन घे.

चारही भोकं जिची,
ती तुझी ताई
चंदा